ज्याच्यासाठी एसटी थांबायची

घोडेगावातून शिनोलीवरून वर तळेघरकडं जाणारी एसटी आमच्या वर्कशॉपच्या दारात थांबत नाही. थांबा पुढं आहे, रसवंतीच्या पलीकडं. पण गेनभाऊसाठी थांबायची. तो हात करायचा नाही, पळायचा नाही. दारातल्या पाण्याच्या टाकीला टेकून भांग पाडत उभा राहायचा आणि गाडी आपली हळू होत त्याच्या पायाशी यायची. ड्रायव्हर वरून म्हणायचा, "चला गेनशेठ, उशीर झाला." उशीर होत असेल तर तो ह्याच्यामुळंच. पण आतलं कुणी कुरकुरायचं नाही. उलट दोघं-तिघं सरकून जागा करायचे.

मी ते वर्षानुवर्षं दारातून बघितलं. हातात पुसायचं फडकं, नखांत काळं आणि पोटात हेवा.

वर्कशॉप बबनशेठचं. दोन लेथ, एक वेल्डिंगचं मशीन, एक ड्रिल. विहिरीवरच्या मोटारींचे शाफ्ट, रोटाव्हेटरचे बुश, ट्रॉलीचे आख, वरच्या गावांतल्या भातगिरण्यांची दुरुस्ती, असली कामं. दोन लेथांपैकी एक मोठं, एक लहान. मोठं गेनभाऊचं, लहान माझं. तो टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा, आणि मीही टर्नरच. पण दारात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून आत बघायचं आणि मग विचारायचं, "गेनभाऊ न्हाई का?"

मी मूळचा वाशीमकडचा. शाळा नववीत सुटली. चुलतभाऊ नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात हमाली करायचा, त्याच्या मागं इकडं आलो. क्रेट उचलणं मला झेपेना म्हणून त्यानंच बबनशेठकडं आणून सोडलं. तेव्हापासून एक भीती अंगाला चिकटली ती चिकटलीच. कुणीतरी एक दिवस म्हणेल, बस झालं, जा आपल्या गावाला. म्हणून मी मशीन बंद केल्यावरही परत जाऊन बटण बघतो. चकची, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्याची, चावी जागेवर टांगली का ते बघतो. शटर ओढलं की कुलूप हलवून बघतो, थोडं चालून गेलो की मागं येऊन पुन्हा हलवतो.

गेनभाऊला असलं काही नव्हतं. उंचीनं बेताचा, सावळा, पन्नाशीचा. केस काळेभोर, मुळातच तसे की केलेले, ते कुणालाही कळलं नाही. शर्टला कडक इस्त्री. लेथवर काम करून माणूस संध्याकाळी भट्टीतून काढल्यासारखा दिसतो, निदान मी तरी दिसतो. हा सकाळी जसा यायचा तसाच संध्याकाळी जायचा. खिशात दोनच वस्तू, स्टीलची पट्टी आणि कंगवा. शाफ्ट कातून झाला की मशीन थांबवायचा, वाकून त्या चकचकीत शाफ्टात तोंड बघायचा आणि भांग पाडायचा. गोल शाफ्टात तोंड भोपळ्यासारखं लांबट दिसतं. त्याला चालायचं.

"भांग दिसला म्हंजी फिनिश आलं," म्हणायचा. "न्हाई दिसला तर अजून एक हात मारायचा."

मी एकदा चोरून माझ्या शाफ्टात बघितलं होतं. नुसता काळा डाग दिसला.

बाकी सगळ्यांना तो नावानं हाक मारायचा, मला 'पावणं'. पहिल्या दिवशी मी काहीतरी विचारताना आमच्याकडच्यासारखं 'काहून' म्हणालो. तो मशीन थांबवून माझ्याकडं वळला. "काहून? पावणं, आमच्याकडं नुसतं 'का' म्हणत्यात. अक्षरं वाचत्यात." सगळे हसले. मीही हसलो, हसावंच लागलं. त्याच दुपारी त्यानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढं ठेवली आणि पाठ करून बसला, म्हणजे मला नको म्हणायलाही जागा नको. ज्याचे उपकार आहेत त्याचाच हेवा वाटणं फार अवघड काम आहे. धड रागावता येत नाही.

टूलांनाही त्यानं नावं ठेवली होती. तुकडा तोडायचं टूल म्हणजे 'सासूबाई'. आतून भोक मोठं करायचा दांडा म्हणजे 'जावई', कारण एकदा आत शिरला की लवकर बाहेर येत नाही. नुसता ओबडधोबड माल उतरवायचं जाड टूल म्हणजे 'रेडा'. गिऱ्हाइकं स्टूल ओढून त्याच्याजवळ बसायची आणि म्हणायची, "आता जावई घाला की भाऊ." काम आपलं, लोखंड आपलं, आणि वर करमणूक फुकट.

मोठ्या मशीनवर तेव्हा जुना चौकोनी टूलपोस्ट होता. टूलपोस्ट म्हणजे टूल धरून ठेवणारा ठोकळा. लेथवर लोखंड फिरतं आणि टूल त्याला कातत जातं, पण टूलाचं टोक फिरणाऱ्या लोखंडाच्या बरोबर मध्याच्या उंचीला पाहिजे. वर असलं तर कातण्याऐवजी घासत बसतं, खाली असलं तर धक्का देतं. ती उंची साधायला टूलाखाली पत्र्याचे पातळ तुकडे सारावे लागतात. टूल बदललं की पुन्हा नवे तुकडे, पुन्हा नवी जुळणी. गेनभाऊचं सगळं राज्य त्या तुकड्यांवर होतं. बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा होता त्याच्याकडं. त्यात हॅक्सॉच्या ब्लेडचे तुकडे, डालड्याच्या डब्याचा पत्रा, दाढीची पाती, कसल्या कसल्या पट्ट्या. गिऱ्हाइकाशी म्हशीच्या आजाराबद्दल बोलता बोलता तो डब्यात हात घालायचा, बघायचाही नाही. अंगठा आणि बोटात तुकडा चोळायचा. "ह्यो न्हाई. त्येचा धाकटा भाऊ." आणि धाकटा भाऊ बरोबर बसायचा.

मग खिशातली पट्टी काढायचा. लोखंडाचा गोल बार आणि टूलाचं टोक ह्यांच्यामध्ये पट्टी उभी धरायची आणि टूल हलकेच टेकवायचं. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल मध्यावर. वरचं टोक आपल्याकडं झुकलं तर टूल खाली, पलीकडं झुकलं तर वर. त्याला तो 'डोळ्याला डोळा' म्हणायचा. "आधी डोळ्याला डोळा, मंग मशीन चालू. कितीबी घाई असूं द्या, पावणं." ही युक्ती त्यानं मला आल्या आल्या शिकवली, मी विचारलंही नव्हतं. पण डब्याला हात लावू दिला नाही कधी.

दरवर्षी पावसाळ्यात तो भाताच्या लावणीला वर आपल्या घरी जायचा. बबनशेठ रजा द्यायचा नाही, हा घ्यायचाही नाही, नुसता जायचा. मोठं मशीन तेवढे दिवस माझ्या हातात. मी वर्षभर त्या दिवसांची वाट बघायचो. पण जाताना तो डबा भाकरीच्या पिशवीत घालून बरोबर न्यायचा. लावणीच्या चिखलात त्या डब्याचं काय काम होतं देव जाणे. मी इकडं कात्रीनं पत्रे कापत बसायचो, टूल जुळवता जुळवता चहा थंड व्हायचा. तेवढ्यात शिनोलीचा कुणीतरी शाफ्ट खांद्यावर घेऊन यायचा, माझ्या खांद्यावरून आत बघायचा.

"गेनभाऊ?"

"लावणीला गेलेत. द्या ना, मी करून देतो."

"असूं द्या. आल्याव येतो. तशी काय घाई न्हाई."

घाई नसती तर माणूस पावसात शाफ्ट खांद्यावर घेऊन आला असता का?

परत यायचा तेव्हा पाय चिखलानं फुटलेले असायचे, पण शर्टला इस्त्री. बबनशेठसाठी तांदूळ आणायचा आणि माझ्यासाठी वेगळी पिशवी. "आमच्या घरचा हाय. शिजताना घरभर वास सुटंल." सुटायचा. वर्कशॉपच्या माळ्यावरच्या माझ्या खोलीत तो वास भरून जायचा आणि मला घरची आठवण यायची. म्हणजे माझ्या घरचीही आठवण यायची ती ह्याच्याच तांदळानं.

एका दिवाळीला मी गावी गेलो नाही. जाऊन-येऊनच रजा संपली असती. तो म्हणाला, "एकटं काय करता माळ्याव? बसा गाडीत." तळेघरला उतरलो आणि तिथून पुढं चालत निघालो. चालणं बरंच होतं, पण चालणं कसलं, मिरवणूक होती ती. प्रत्येक घरातून हाक. "आलं का गेनभाऊ?" "कोन पावणं आणलं?" कुत्रीसुद्धा त्याच्यावर भुंकली नाहीत, माझ्यावर भुंकली. घरी वहिनींनी नाचणीची भाकरी, भात, कसलीशी रानभाजी वाढली. वाढता वाढता म्हणाल्या, "तुमीच का ते वाशीमचं? हे सांगत असत्यात. त्येच्या हाताला वळण हाय, एकदा सांगितलं की धरतंय, म्हणून."

गेनभाऊ खाली मान घालून म्हणाला, "तू भात वाढ."

इतका आनंद मला फार वेळा झालेला नाही. आणि पाणी पिऊन होईपर्यंत तो आनंद आंबट झाला. हा घरी सांगतो, मग वर्कशॉपात का नाही सांगत? त्या शाफ्टवाल्याला का नाही सांगून ठेवलं?

मग बबनशेठनं पुण्याकडून, जुन्या मशिनरीच्या बाजारातून, नवीन पद्धतीचा टूलपोस्ट आणला. पटकन टूल बदलायचा. मध्ये एक जड ठोकळा, त्याच्या बाजूला तिरकी खाच. प्रत्येक टूल आपापल्या होल्डरमध्ये कायमचं बसवून ठेवायचं. तो होल्डर वरून खाचेत सरकवायचा, हँडल ओढलं की घट्ट. होल्डरच्या डोक्यावर एक नट असतो. त्याची चकती ठोकळ्याच्या माथ्यावर टेकते आणि तिथं टूलाची उंची ठरते. नट एकदा जुळवून आवळला की टूल कितीदाही काढा आणि घाला, त्याच उंचीला येऊन बसतं. पत्रे नकोत. डबा नको.

हे मी मोबाइलवर कधीच बघून ठेवलं होतं, बबनशेठला दाखवलंही होतं. गेनभाऊनं ठोकळ्याभोवती एक फेरी मारली. "ह्यो तर कपडं टांगायचा खुंटा हाय."

"गेनभाऊ, गजाननला बसवू द्या की," बबनशेठ म्हणाला. गजानन मी. "तुम्हालाच सोपं पडेल."

"बसवूं द्या. आपलं काय जातंय."

ठोकळ्याखालची पट्टी आमच्या मशीनच्या खाचेत बसत नव्हती, ती मी काणशीनं घासून घासून बसवली. तेवढे दिवस गेनभाऊ माझ्या लहान मशीनवर काम करत होता. दुसऱ्याच दिवशी लहान मशीनसुद्धा त्याचं वाटायला लागलं. गिऱ्हाइकांची स्टुलं तिकडं सरकली. मी मोठ्या मशीनजवळ एकटा, काणस घासत.

ठोकळा बसला. मग एकेक होल्डर. रेडा, सासूबाई, जावई, सगळ्यांना आपापली घरं मिळाली. प्रत्येकाची उंची जुळवताना मी पट्टी उभी धरायचो, झुकते कुठं बघायचो, नट थोडा फिरवायचो, पुन्हा धरायचो. पट्टी सरळ उभी राहिली की आवळायचो. त्याचीच युक्ती, त्याच्याच मशीनवर, त्याचंच राज्य घालवायला. मागून त्याचं गुणगुणणं चालू होतं. नट आवळताना ते थांबायचं, एवढं माझ्या लक्षात आलं.

सगळं झाल्यावर मी चार लोकांसमोर रेडा काढून सासूबाई बसवली, सासूबाई काढून रेडा. चुटकीसरशी. कुणीतरी "वा!" म्हणालं. वर्कशॉपात ते माझ्यासाठी पहिल्यांदा म्हटलं गेलं होतं. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "आता बघायची पण गरज नाही. एकदा लावलं की लावलं."

गेनभाऊनं कंगवा काढला. "मंग आमचं काय काम ऱ्हायलं, पावणं?" हसत म्हणाला. पण भांग पाडायला शाफ्टात बघितलं नाही त्यानं.

दसरा जवळ आला होता. आमच्या वर्कशॉपात खंडेनवमीला एक रीत आहे. मशीनची पूजा झाली की ज्यानं त्या मशीनवर नारळ फोडला, त्याचं ते मशीन पुढच्या खंडेनवमीपर्यंत. बबनशेठच्या वडिलांपासून चालत आलेलं आहे. भांडणं होत नाहीत त्यानं. मी आल्यापासून मोठ्या मशीनवर गेनभाऊच नारळ फोडत आला होता. ह्या वर्षी मला वाटत होतं, ठोकळा मी बसवला, होल्डर मी लावले. मोठं मशीन नावावर आलं तर मग मला इथून कोण घालवणार? मी नवीन शर्ट घेतला होता. बबनशेठला आडून विचारलं तर तो म्हणाला, "तुमचं तुमी बघा बाबा," आणि फुलं आणायला निघून गेला.

गेनभाऊ पहिल्या गाडीनं आला. घरचा झेंडू, घरचे तांदूळ. सगळे होल्डर काढून डिझेलनं धुतले, कोरडे केले, केळीच्या पानावर ओळीनं मांडले. एकेकाला ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं. "सासूबाई, सांभाळून घ्या. जावईबापू, मान राखा." बायामाणसं आली होती, ती हसत होती. ठोकळ्याच्या माथ्यावरसुद्धा त्यानं कुंकू लावलं, त्यावर अक्षता. मग नारळ उचलला. कुणाकडं बघितलं नाही. एकच घाव, आणि नारळाच्या दोन सारख्या वाट्या. पाण्याचा थेंब मशीनवर सांडला नाही.

खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यानं मला दिला. "घ्या, पावणं."

खोबरं गोड होतं. त्याचाही मला राग आला.

दसरा झाल्यावर मारुतीतात्या आले. तळेघरच्या बाजूला त्यांची भातगिरणी आहे. भात घरात यायला लागला होता आणि गिरणीचा शाफ्ट तुटला होता. "गेना, लोकं पोती घिऊन दारात बसल्यात. आज पायजे."

"आजच देतो. बसा." गेनभाऊनं स्टूल पुसून दिलं.

आपल्या गावचा माणूस समोर बसलेला. गेनभाऊनं नवे होल्डर वापरायला घेतले, आणि खरं सांगायचं तर झोकात वापरले. रेड्यानं माल उतरवला. रेडा काढला, फिनिशचं टूल चढवलं, हँडल ओढलं. पट्टी मात्र खिशातच राहिली. बघायची गरज नाही, असं मीच म्हणालो होतो ना. बेअरिंग बसायच्या जागेवर टूल टेकलं आणि कातायच्या ऐवजी किंचाळायला लागलं. लोखंडावर चमक नाही, नुसते ओरखडे. त्यानं टूल थोडं आत दाबलं. तरी घासणंच. आणखी दाबलं, आणि टूल एकदम आत घुसलं. मशीन थांबवून त्यानं मापलं. बेअरिंग घालून बघितलं. ते सैल, बांगडीसारखं फिरत होतं. शाफ्ट गेला.

मारुतीतात्या उठून उभे राहिले. "काय रं झालं?"

गेनभाऊच्या कपाळावर घाम मी पहिल्यांदा बघितला. त्यानं टूल काढलं, घातलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. मग मशीनखालच्या कप्प्यातून तो जुना डबा काढला आणि हातात धरून नुसता उभा राहिला. ह्या ठोकळ्यात पत्रा घालायचा कुठं?

बबनशेठ बाहेर आला. "मी म्हणलं व्हतं का नवीन आणा म्हणून? तुमचंच डोकं," हे माझ्याकडं बघून. "काढून टाका तो खुंटा. जुनं बसवा परत."

ज्याची वाट बघत होतो ते झालं होतं. तो चुकला होता, आणि त्याच्या गावच्या माणसासमोर. पण बरं वाटलं नाही. कारण त्याच्याबरोबर माझा ठोकळाही चालला होता. मी पुढं झालो. त्याच्या खिशातली पट्टी मीच काढून घेतली. त्याचा खिसा, माझा हात. एरवी माझी छाती झाली नसती. बार आणि टूल ह्यांच्यामध्ये पट्टी धरली. वरचं टोक पलीकडं झुकलं. टूल वर होतं.

मी लावलं तेव्हा सरळ होतं. मग वर आलं कसं? होल्डर काढला. नटाच्या चकतीवर खालच्या बाजूनं नख फिरवलं तर काहीतरी खुपलं. वाळलेल्या कुंकवात घट्ट चिकटलेला तांदळाचा दाणा. त्यानं अख्खा होल्डर उचलून धरलेला होता.

मी तो तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर धरला. आता बोला, असंच होतं माझ्या मनात.

गेनभाऊनं चष्मा लावून दाणा बघितला. मग जो हसला तो मशीनला धरून हसला. "तात्या, आरं आमच्या खाचरातलाच की ह्यो! हितवर चालत आला नडायला!" मारुतीतात्या हसले, वेल्डिंगवाला हसला, बबनशेठसुद्धा हसला. गेनभाऊनं दाणा माझ्या हातावरून उचलला, कपाळाला लावला आणि खिशात कंगव्याशेजारी टाकला. मग माझ्याकडं वळला. आवाज मुद्दाम मोठा.

"गजा, दुसरा शाफ्ट तू कर. तात्या, आजपासनं ह्या मशीनीचं काम ह्येला सांगायचं. ह्येच्या हाताला वळण हाय."

पावणं नाही, गजा. तुमी नाही, तू. आणि तेच वाक्य, जे मला वर्कशॉपात, गिऱ्हाइकासमोर ऐकायचं होतं. मी शाफ्ट केला. मन लावून केला. पण माझ्या मागं स्टुलावर चहा आला होता आणि मारुतीतात्या म्हणत होते, "काय मन हाय राव ह्या माणसाचं! हातातलं मशीन असं उचलून दिलं!" येणारा-जाणारा तीच गोष्ट ऐकत होता. आठ दिवसांत ती शिनोलीपासून वर सगळीकडं पोचली. तिच्यात दाणा होता, गेनभाऊ होता, त्याचं हसणं होतं. दाणा शोधला कुणी, हे काही जण सांगायचे, काही जण विसरायचे. जिंकलो मी होतो. पण हरायचं कसं, हेसुद्धा त्यालाच जमलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपला चष्मा, रुमाल, पाण्याची बाटली लहान मशीनवर नेऊन ठेवली. गिऱ्हाईक काम माझ्याकडं द्यायचं आणि बसायला त्याच्याकडं जायचं.

पुढच्या पावसाळ्यात तो लावणीला गेला. संध्याकाळी झाडताना बघतो तर बिस्किटाचा डबा मोठ्या मशीनवर, ठोकळ्याशेजारी. मला वाटलं, विसरला. लावणी उरकली, भात पोटरीला आला, तरी तो आला नाही. फोन आला बबनशेठला. गुडघे दुखतात, पोरगा आता शेताकडं बघत नाही, मीच बघतो, वगैरे. मग मला कळलं की गेनभाऊ डबा विसरणारा माणूस नव्हता.

खंडेनवमीला मोठ्या मशीनवर नारळ मी फोडला. फोडला म्हणजे, पहिला घाव घसरला, दुसऱ्याला नारळ हातातून उडाला, मग जो काही फुटला तो भिंतीपर्यंत गेला. मी तुकडे गोळा करत होतो तेवढ्यात दारात सावली पडली. इस्त्रीचा शर्ट. केस काळेच.

"गेनभाऊ! या ना आत."

"न्हाई. आता आमी पावणं. चपला काढाव्या लागतील." उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आणि त्यानं माझ्या खांद्यावरून आत बघितलं. मोठ्या मशीनकडं. झेंडूच्या माळेकडं, ओळीनं टांगलेल्या होल्डरांकडं, ठोकळ्याशेजारच्या डब्याकडं. बराच वेळ. ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं ती माझीच होती.

"नारळ कितव्या घावाला फुटला?"

"पहिल्याच."

त्यानं माझ्या हातातल्या करवंट्यांच्या चुऱ्याकडं बघितलं. "हां. तसाच फुटतो." मग म्हणाला, "अक्षता?"

"फुलांवर टाकल्या. नटाखाली बघून घेतलं."

"पट्टी?"

"लावली. सगळ्यांना."

त्यानं मान हलवली. मी म्हणालो, डबा घेऊन जा, तुमचा आहे. "असूं दे तिथंच. कधी लागंल काय सांगता येत न्हाई." चहा सांगतो म्हणालो, तर म्हणाला, "गाडी आली." कुठंच गाडी दिसत नव्हती. तो टाकीला टेकला, कंगवा काढला. भांग पाडून होतोय तोवर गाडी वळणावर दिसली, हळू झाली आणि त्याच्या पायाशी येऊन उभी राहिली. वेल्डिंगवाला, बबनशेठ, पूजेला आलेल्या बाया, सगळे दारात. कंडक्टरनं दार उघडून हात दिला. गुडघा दुखत होता त्याचा. चढताना फक्त तेव्हाच, एकदा, तो म्हातारा दिसला. आत सगळे सरकले. काचेतून कंगवा धरलेला हात हलला, कुणाला ते कळलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच.

त्यानंतर तो खाली आलेला नाही. फोन करतो. मला नाही, बबनशेठला.

परवा मारुतीतात्यांच्या गिरणीवर बेअरिंग बसवायला मला वर जायचं होतं. पिशवीत सामान घेऊन दारात उभा राहिलो. टाकीला टेकलो. हात केला नाही. कुणी बघत नाही ना ते बघून केसांवरून हातही फिरवला. गाडी आली आणि तशीच पुढं गेली. रसवंतीपर्यंत पळालो. चढलो तेव्हा धाप लागली होती आणि बसायला जागा नव्हती. तिकीट देताना कंडक्टरनं माझ्या हातांकडं, नखांकडं बघितलं.

"गेनभाऊच्या वर्कशॉपातले का तुम्ही?"

त्या वर्कशॉपात मोठं मशीन आता माझं आहे. नारळ मी फोडला आहे. एवढं सगळं तोंडाशी आलं.

"हो," म्हणालो.

तसे बाकावरचे दोघं सरकले आणि मी बसलो.